शहाणं बाळ

निखाऱ्यावर ओवा तडतडला आणि इतका वेळ गप्प असलेलं घर एकदम जागं झालं.

समिधा डबा भरता भरता वळली. न्हाणीच्या दारात आत्ती उकिडवी बसली होती. आत्ती म्हणजे समिधाची सासू. समोर मातीची शेगडी, एका हातात धुरावर धरलेलं दुपटं आणि मांडीवर नुकतीच न्हालेली रेवा, टकामका बघणारी.

“आत्ती, दवाखान्याच्या आशाताईंनी धूर बंद करायला सांगितलाय ना? बाळाच्या छातीला बरा नसतो.”

“मग मी कुठं बाळाला धरलंय धुरावर? दुपटं धरलंय.” आत्तीनं दुपटं झटकलं, रेवाला त्यात गुंडाळलं आणि शेगडीवर शेकलेला तळवा तिच्या टाळूवरून हळूच फिरवला. “आणि तुझ्या नवऱ्याला काय झालं ह्या धुरानं? रेडा झालाय रेडा!”

समिधाला हसू आलं. धुरी घालणारं गावात आता हे एकच घर उरलं असेल. ओवा, लसणाची सालं, वेखंड हे पूर्वी सगळीकडेच असायचं. आत्ती मात्र तिच्या माहेरच्या रीतीनं वर दोन तिरफळं टाकायची. त्यांचा तो तिखट, लिंबाच्या सालीसारखा वास रेवाच्या केसांत संध्याकाळपर्यंत मुरून राहायचा. समिधाला तो इतका आवडायचा की कामावर असताना नुसता आठवला तरी ब्लाऊज ओला व्हायचा.

“पाळणाघरात नको सांगू हां कुणाला,” आत्ती म्हणाली. “उगाच मला वरडा बसायचा.”

“नाही सांगत,” समिधा म्हणाली, आणि पोरीला कडेवर घेऊन निघाली.

चंदगडच्या डोंगरांतल्या त्या गावात बायकांचा सहकारी काजू कारखाना होता. बी भाजणं, फोडणं, सोलणं सगळं यंत्रांकडे गेलं होतं. निवडणंही गेलं असतं, पण परदेशातल्या गिऱ्हाइकांना अलीकडे पाकिटावर ‘हातांनी निवडलेला’ असा शिक्का हवा असायचा, म्हणून अख्खा गर कुठला, पाकळी कुठली, डागी कुठला हे अजून बायकांची बोटं ठरवत होती. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, मधून पांढरा ओघ, आणि त्यावरून अखंड गप्पा.

कारखान्याला लागून पाळणाघर होतं. ज्यांची तान्ही पोरं तिथं असायची, त्या आयांनीच दोघी दोघी मिळून रोज थोडा थोडा वेळ पाळीपाळीनं ती सांभाळायची, असा नियम. नियम साधा होता आणि भांडणं रोजची होती. आपल्या पाळीत जी ती आधी आपल्याच पाळण्याकडे धावायची. “माझं पोरगं दुपारपातुर ओल्यात, आणि हिच्या पोरीला दोनदा पावडर!” असं सुरू झालं की टेबलावरचे गर तसेच पडून राहायचे. शेवटी संस्थेनं पाळणाघर बंद करायचं ठरवलंच होतं, तेवढ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून पेंडसे सर आले. प्राण्यांमधल्या सहकारावर काम करणारे, कुणालाही अहो-जाहो करणारे, चहाला नाही न म्हणणारे. त्यांच्याबरोबर यंत्राच्या दोन पेट्या होत्या. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘पडदा’.

समिधाची बारावी सायन्सला झालेली आणि जीभ स्वच्छ. तेव्हा बायकांना समजावून सांगायचं काम तिच्याकडे आलं. सरांनी तिला संध्याकाळभर शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती उभी राहिली.

“आफ्रिकेत पट्टेरी मुंगसं असतात,” तिनं सुरुवात केली. “ती कळपानं राहतात. कळपातल्या सगळ्या माद्या एकाच रात्री वितात.”

“एकाच रात्री?” मागून कुणीतरी म्हणालं. “नवऱ्यांनी मीटिंग घेतली हुती काय?”

हसण्याचा एवढा मोठा लोट आला की समिधालाही थांबावं लागलं.

“ऐका तर! बिळात सगळी पिल्लं एकत्र. काळोख. आपलं कुठलं, दुसरीचं कुठलं, कुणालाच कळत नाही. मग त्या काय करतात? समोर येईल त्याला पाजतात. शास्त्रज्ञांनी काही माद्यांना मुद्दाम जास्त खायला घातलं. त्या धष्टपुष्ट माद्यांनी बाळंत झाल्यावर कुणाकडे जास्त लक्ष दिलं असेल? कळपातल्या सगळ्यांत बारक्या पिल्लांकडे. कारण ते बारकं आपलंही असू शकतं ना!”

बायका पुढं सरकून ऐकायला लागल्या होत्या. समिधाला बोलायला हुरूप आला.

“आणि माणूस तरी काय वेगळा? चिंपांझीची आई आपलं पिल्लू महिनोन्‌महिने दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. आपल्याकडे? पोरगं जन्मलं की तासाभरात दहा हातांत फिरतं. बरेच शास्त्रज्ञ म्हणतात, त्या दहा हातांमुळेच माणूस माणूस झाला. आपलं पोर इतकं सावकाश वाढतं की एकटीच्यानं ते निभलंच नसतं. दुसरीचं पोर सांभाळायची बुद्धी आपल्या रक्तातच आहे. फक्त एक खोट आहे. आपलं पोर ओळखू आलं, की हात तिकडे आधी वळतो. ती ओळख पुसली की झालं. हे यंत्र तेवढंच करतं.”

पाळीवरच्या बाईनं डोळ्यांवर चष्मा चढवायचा आणि कानांत बोंडं घालायची. चष्म्यातून प्रत्येक बाळाचा चेहरा सारखा दिसायचा, मऊ, गोल, कुणाचाच नसलेला. बोंडांतून प्रत्येक रडणं एकाच आवाजात ऐकू यायचं, फक्त भुकेचं कुठलं आणि झोपेचं कुठलं एवढं कळायचं. सगळ्यांना एकसारखी पिवळी झबली, संस्थेचा एकच साबण. पाळण्यांच्या जागा रोज शिपाईण बदलायची. एखादं बाळ रडलं की यंत्र दोघींपैकी एकीलाच हाक द्यायचं. तिनं बोंडावर टिचकी मारली, म्हणजे ‘जाते’ म्हटलं, की दुसरीच्या कानातला तो आवाज थांबायचा, उगाच दोघींनी धावायला नको; टिचकी नाही मारली, तर हाक दुसरीकडे जायची.

“आणि पाजायचं?” कुणीतरी विचारलं. “दुसरीचं पोर अंगावर घ्यायचं?”

तिथं सभा अडली. कुजबुज सुरू झाली, माना हलायला लागल्या. तेवढ्यात सानिका उठली. समिधाच्या शेजारच्या टेबलावरची सानिका, उंच, मोठ्या आवाजाची. तिचा शंभू आणि समिधाची रेवा एकाच आठवड्यातली.

“तपासण्या झाल्यात न्हवं सगळ्यांच्या? मग घेईन की मी,” ती म्हणाली. “दुधावर काय नाव लिवलेलं असतंय?”

पडदा सुरू झाला तो तिच्या त्या एका वाक्यावर.

समिधाची पहिली पाळी आली तेव्हा तिला खरंच गंमत वाटली. सगळे चेहरे सारखे. आपली रेवा यांतली कोण, हा विचार मनात आला की छातीत थोडी कळ आल्यासारखं व्हायचं, आणि मग एखादं बाळ रडलं की वाटायचं, हीच असेल. दुसरं रडलं की वाटायचं, ही असेल. सगळ्याच रेवा. यंत्र किती शहाणं आहे, असं म्हणत ती पाळण्यांमधून फिरत होती, आणि खिडकीजवळच्या पाळण्यावर वाकली तेव्हा तिला तिरफळांचा वास आला.

ती तशीच वाकून राहिली. मग तिनं खोल श्वास घेतला.

त्याच वेळी कानात दोन हाका एकदम आल्या. दोन्ही भुकेच्या. एक या पाळण्यातून, एक पलीकडच्या कोपऱ्यातून. समिधानं दोन्हीसाठी टिचकी मारली आणि खिडकीजवळच्या बाळाला उचललं. पाजताना तिनं नाक त्या केसांत खुपसलं होतं. कोपऱ्यातलं रडणं वाढलं, मग तुटक झालं. ‘जाते की,’ ती मनात म्हणाली. ‘झालंच.’ दोन्ही अंगांवर पाजून झाल्यावर, रेवाला ढेकर काढून, निजवून मगच ती तिकडे गेली. तोवर ते बाळ रडून दमलं होतं. त्यानं मुठीत तिची करंगळी धरली, चार घोट घेतले आणि पेंगलं. उरलेच होते चार घोट.

हे रोज व्हायला लागलं. सारख्या हाका एकदम यायच्या, सारखी ती वासाकडे वळायची. हे मी ठरवून करत नाही, नाकच वळवतं, असं ती स्वतःला सांगायची. आणि दुसरं कुणी उपाशी थोडंच राहतंय? थोडं थांबतंय एवढंच. कुणाचं ते, हे तर मला माहीतही नाही. माहीत नव्हतं हे खरं होतं. ते आपलं नाही, एवढंच माहीत होतं.

घरी आल्यावर आत्ती विचारायची, “कशी हाय गं तुमची शाळा?”

“छान चाललंय,” समिधा म्हणायची. रेवाच्या दंडावर वळ्या पडायला लागल्या होत्या.

पाळणाघरात खरंच छान चाललं होतं. भांडणं बंद झाली होती. कोण कुणाचं पोर पाजतंय यावरून आता टेबलावर थट्टा चालायची. पेंडसे सर महिन्याकाठी भिंतीवर रंगीत आलेख दाखवायचे. रडणं कमी झालंय. बाळं समाधानी आहेत. एक बाळ तर जवळजवळ रडतच नाही, यंत्राच्या हिशेबानं सगळ्यांत समाधानी.

“ते आमचंच असणार!” सानिका टेबलावरून ओरडली. “घरीबी तसंच हाय. आमचा शंभू म्हणजे शहाणं बाळ. सासू म्हणती, असलं गुणी लेकरू आमच्या खानदानात न्हाई झालं. बापासारखं न्हाई ते.”

“मग कुणासारखं?” समोरची बाई म्हणाली.

“गप गं भवाने!”

सगळ्या हसल्या. समिधाही हसली.

आशाताई वजनं घ्यायला यायच्या तेव्हा यंत्र बंद असायचं. त्या दिवशी समिधा मदतीला होती. चष्मा नव्हता, ज्याचा त्याचा चेहरा होता, ज्याचं त्याचं नाव होतं. आशाताईंनी शंभूला तागडीतल्या झोळीत ठेवलं, आकडा बघितला, काटा ठोकून पुन्हा बघितला.

“सानिका, ह्याचं वाढंना झालंय गं. मागल्या बारीचंच वजन. पितोय ना नीट?”

“पितोय की. रडत न्हाई म्हटल्यावर पोट भरतच असणार,” सानिका म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीइतका मोठा नव्हता. “अंगकाठीच बारीक असेल. समे, घे बघू त्याला, मी कार्ड काढते.”

समिधानं शंभूला झोळीतून उचललं. तो हलका होता. तिला अपेक्षा नव्हती इतका हलका. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. मग त्याचा हात फिरत फिरत आला आणि त्यानं मुठीत तिची करंगळी धरली. धरून दोनदा ओढली. तोंड उघडलं, चेहरा रडण्यासाठी गोळा झाला, ओठ थरथरले.

आवाज आला नाही. त्यानं तोंड मिटलं आणि पुन्हा भिंतीकडे मान वळवली.

ही मूठ समिधाला माहीत होती. रोज, रेवाच्या नंतर, चार घोटांसाठी, हीच मूठ तिच्या करंगळीला यायची.

एकाच आठवड्यातली दोघं. दोघांना भूक एकाच सुमाराला लागणार. तिच्या पाळीत ज्याचं मागं पडलं ते दरवेळी हेच. आणि ती टिचकी मारून मोकळी व्हायची म्हणून दुसऱ्या बाईच्या कानापर्यंत त्याचा आवाज जातच नव्हता. त्यानं हाक मारून बघितली असेल. किती तरी वेळा. मग हाक मारणं हे काही उपयोगाचं नाही, एवढं त्या बित्ताभर जिवानं शिकून घेतलं असेल. आणि एकदा शिकल्यावर दुसऱ्यांच्या पाळीतही, घरी सख्ख्या आईपाशीही, तो मागेनासा झाला. यंत्राला तो समाधानी वाटत होता.

“काय गं, अशी का बघतीयास?” सानिका म्हणाली. “बारीक असला तरी गोड हाय न्हवं?”

“गोड आहे,” समिधा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आत्तीला सांगितलं, धुरी बंद. त्या सकाळी शेगडीशी आत्तीच्या भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. उपयोग झाला नाही. वास उतरला तरी समिधाला रेवा कळतच राहिली. आता तिला धुराखालचा वास कळत होता, मानेच्या घडीतल्या दुधाचा, केसांचा, निव्वळ रेवाचा. नाक एकदा शिकलं होतं, ते कसं विसरणार? ती निश्चय करून त्या पाळण्यापासून दूर जायची आणि मग दूर गेल्याचं तिला कळत असायचं. हे तर आणखी वाईट होतं. आता ती जाणूनबुजून स्वतःच्या पोरीला रडत ठेवत होती.

“आत्ती,” ती चौथ्या का पाचव्या दिवशी म्हणाली, “तुमची ती धुरीची पुरचुंडी मला द्या. दोन द्या.”

“आता आणि कशाला?”

“सानिकाच्या शंभूला. अंग धरत नाही तो. दुसरी रेवाला, परत सुरू करूया.”

आत्तीचा चेहरा खुलला. तिनं डब्यांतून ओवा काढला, वेखंड ठेचलं, तिरफळं मोजून न घेता मूठभर घातली. “दुपटं धरायचं म्हणावं, पोराला न्हाई,” तिनं दोनदा बजावलं.

सानिकाच्या दारात पुरचुंडी देताना समिधाचे शब्द अडखळले. “आत्तींनी दिलंय. रोज कर, आंघोळ झाली की. तळवा शेकून टाळूवर फिरवायचा, केसांत मुरला पाहिजे.”

सानिकानं पुरचुंडी हुंगली. “आई गं, काय वास हाय! तुझ्या रेवाला करता व्हय हे? तरीच बाळसं धरलंय पोरीनं. आणि मला आता सांगतीयास?”

ती थट्टेनं म्हणाली होती. समिधा ‘येते’ म्हणाली आणि वळली.

त्यानंतरच्या पाळीत समिधानं चष्मा चढवला आणि ती पाळण्यांमधून चालत गेली. वास दोन ठिकाणांहून येत होता. ती एकावर वाकली, मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे तिरफळं, दोन्हीकडे ओवा. आपली पोर कुठली ते तिला कळेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्याआड ते पुसायलाही येईना.

एक बाळ रडलं. तिनं टिचकी मारली नाही. हाक दुसरीकडे गेली, दुसरी बाई आली. समिधा जे रडत नव्हतं त्याच्यापाशी गेली. उचललं. करंगळी पुढं केली. बऱ्याच वेळानं मूठ आली. त्यानं भरल्या अंगावर तोंड लावलं आणि इतका वेळ प्यायला की तिचा खांदा अवघडला. मागं कुणीतरी यंत्रातल्या त्या एकाच आवाजात रडत होतं, ते रडणं रेवाचं असू शकत होतं. ती उठली नाही.

मग तिनं तसंच सुरू ठेवलं. हाकेची वाट बघायची नाही. जे गप्प असेल त्याच्यापाशी आधी जायचं.

शंभूचं वजन हललं. आधी थोडं, मग बरंच. सानिका एके दिवशी संध्याकाळी रताळ्याच्या घाऱ्यांचा डबा घेऊन घरी आली आणि आत्तीच्या पाया पडली.

“तुमच्या औषधानं माझं पोरगं वाचलं बघा.”

“आगं, औषध कसलं! चार मसाल्याचे जिन्नस,” आत्ती म्हणाली, पण सुखावून. “समिधानंच आठवण केली. तिला काळजी तुझ्या पोराची.”

सानिकानं समिधाच्या हातात घारी दिली. “खा की. बघत काय बसलीयास?”

समिधानं तोंडात घास घेतला. मग घारी खाली ठेवली. “सानिका,” ती म्हणाली, “तुला एक सांगायचं होतं. पाळणाघरातलं.”

“सांग की.”

आत्ती समोर बसली होती. रेवा गुडघ्यांवर रांगत येऊन सानिकाच्या मांडीत चढली होती आणि सानिकानं बोलता बोलता, बघितलंही नाही अशा सवयीनं, तिच्या नाकाचा शेंबूड आपल्या पदरानं पुसला. या बाईनं आपल्या पाळीत रेवाला इतर कुणाइतकंच पाजलं असणार. तिला तर वेगळं करणं शक्यच नव्हतं, आणि शक्य असतं तरी तिनं ते केलं नसतं.

“पुढच्या आठवड्यात पेंडसे सर येणार आहेत,” समिधा म्हणाली. “मोठी सभा आहे.”

“एवढंच व्हय? मला वाटलं काय तरी हाय.”

सभेला बाहेरच्या तालुक्यांतल्या बायकाही आल्या होत्या. त्यांच्या कारखान्यांत, त्यांच्या गिरण्यांत पडदा न्यायचा होता. पेंडसे सरांनी आलेख दाखवले, मग ते बंद करून टेबलाच्या पुढं येऊन उभे राहिले.

“आता मला एक खरं सांगा,” ते म्हणाले. “यंत्र चालू असताना कुणाला आपलं मूल ओळखू आलं का? कधीही, कशावरूनही? अजिबात संकोच करू नका. यात चूक कुणाची असेल तर माझी आहे. पण कळलं नाही तर मला ते सुधारता येणार नाही.”

पंखे फिरत होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

समिधाचे ओठ उघडले. सांगायचं म्हणजे एकच वाक्य होतं. त्यानंतर काय होईल तेही तिला दिसत होतं. बायका घरी जातील, आपापल्या पोराचं तोंड बघतील आणि विचार करतील की माझ्या पोराला कुणी मागं ठेवलं? पुन्हा जी ती आपल्या पाळण्याकडे धावेल. हा सगळा डोलारा एकमेकींवरच्या विश्वासावर उभा होता, आणि तो विश्वास निदान आता तरी खरा होता. पाळणाघरासाठी मी गप्प बसतेय, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते पाळणाघरासाठी होतं की सानिकाचा चेहरा बघवणार नाही म्हणून, हे तिला नक्की सांगता आलं नसतं.

“न्हाई सर,” सानिकाचा आवाज खणखणीत आला. “कुणी ओळखलं असतं, तर आमचा शंभू एवढा शांत ऱ्हायला असता काय?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर सर गाडीत बसत होते तेव्हा समिधा त्यांच्याजवळ गेली. “सर, वासाचाही पडदा हवा. नुसता साबण पुरत नाही. आणि जे बाळ रडत नाही त्याला यंत्रानं समाधानी म्हणू नये. त्याच्याकडे आधी हाक द्यावी.”

सर खाली उतरले. “हे कुणाच्या अनुभवातून आलंय का समिधाताई?”

“नाही,” ती म्हणाली. “असंच वाटलं.”

त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. पुढच्या यंत्रात या दोन्ही गोष्टी आल्या. दुसऱ्या गावांतली मुलं त्यामुळं मागं राहिली नाहीत, राहणार नव्हती. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर आभारात तिचं नाव छापून आलं. आत्तीनं ते पान कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं. समिधानं ते एकदा काढलं, आणि आत्तीनं विचारल्यावर परत लावलं.

मुलं चालायला लागली तशी पडद्याबाहेर आली. पाळणाघराच्या पुढच्या अंगणात त्यांची बालवाडी भरायची. तिथं चष्मे नव्हते. सगळ्यांना सगळ्यांची नावं पाठ होती आणि सगळ्या बायका सगळ्यांच्या मावश्या होत्या. शंभू अंगानं भरला होता. पळायचा, झाडावर चढायचा, रेवाशी भांडायचा. बोलायला उशिरा लागला, पण लागला. सानिका आता कुणाला ‘शहाणं बाळ’ असं म्हणून दाखवायची नाही, कारण आता तो दंगा करायचा. फक्त रडायचा नाही. दात येताना नाही, सुई टोचताना नाही. “धीराचं हाय,” सानिका म्हणायची.

त्या दुपारी समिधा जेवणाच्या सुट्टीत अंगणात आली होती. रेवा आणि शंभू घसरगुंडीच्या शिडीवर एकमेकांना ढकलत होते. “रेवा, हळू!” ती म्हणतेय तोवर दोघंही खाली आली.

रेवानं अंगण डोक्यावर घेतलं. कोपरावर खरचटलं होतं जरासं, पण आवाज असा की डबे सोडून बायका बाहेर आल्या. सानिका सगळ्यांत पुढं होती. “काय झालं गं माझ्या बाईला? कुठं लागलं? फू कर, फू!” कुणी पाणी आणलं, कुणी गर आणला मूठभर.

शंभू शिडीखाली बसला होता. गुडघा चांगलाच फुटला होता, रक्त पोटरीपर्यंत आलं होतं. तो दोन्ही हातांनी पाय धरून होता आणि त्याचे ओठ थरथरत होते. समिधा धावत त्याच्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, पदराचा शेव जखमेवर दाबला.

“रड रे सोन्या,” ती म्हणाली. “दुखतंय ना? रड की. रडावं अशा वेळी.”

शंभूनं तिच्याकडे बघितलं. मग मान वळवून त्यानं पलीकडे बघितलं. तिथं इतक्या बायकांच्या मध्ये रेवा हुंदके देत होती, त्याच्या आईच्या कडेवर. तो बराच वेळ बघत राहिला, एखादी नवी गोष्ट बघावी तसा. मग त्यानं तिची करंगळी मुठीत धरली.

“मावशी,” त्यानं विचारलं, “रडलं की कोण येतं?”